दाखल्याच्या आधी मदत : शाळेत अडणाऱ्या मुलासाठी काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने मागायचं

बहुतेक पालक या वाटेला लागतात ते मूल आठवी-नववीत गेल्यावर. तोवर ‘अजून लहान आहे’, ‘मुलगे उशिराच लागतात अभ्यासाला’, ‘त्याचे बाबाही असेच होते’ यात चार-पाच वर्षं निघून जातात. मग दहावीचा फॉर्म भरायची वेळ जवळ आली की अक्षमतेच्या वैद्यकीय दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. दाखला मिळतोही, आणि त्यावर परीक्षेत वाढीव वेळही मिळतो. पण चौथीत राहून गेलेलं वाचन दाखल्याने येत नाही.

म्हणून या लेखात दोन कामं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. वर्गातली मदत हे एक काम आणि वैद्यकीय दाखला हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी सुरू करायची, आणि पहिल्यासाठी दुसऱ्याची वाट बघायची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळांच्या जबाबदाऱ्या दिल्या आहेत. मुलांमधली विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि ती ओलांडण्यासाठी शिकवण्यात योग्य ते बदल करणं, ही त्यातलीच एक. शाळा जिल्हा परिषदेची असो, अनुदानित असो किंवा मान्यता असलेली खाजगी, हे कलम सगळ्यांना लागू आहे. ओळखण्याचं काम शाळेचं असेल तर ‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू’ हे उत्तर चालत नाही.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या शाळांना धरून आहे. अध्ययन अक्षमतेवर, म्हणजे डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), डिस्ग्राफिया (लेखनातली), डिस्कॅल्क्युलिया (गणितातली) यांवर, जास्त लिहिलं आहे. हा प्रकार बाहेरून दिसत नाही, आणि आळशीपणाचा शिक्का सगळ्यात जास्त याच मुलांवर बसतो. पण अर्ज, बैठक, तक्रार हा सगळा मार्ग स्वमग्न, कमी ऐकू येणाऱ्या, कमी दिसणाऱ्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीही तोच आहे.

आधी वही बघा

शाळेत जाण्यापूर्वी दोन-तीन आठवडे मुलाच्या वह्या नीट बघा आणि दिसेल ते तारीख घालून लिहून ठेवा. ‘अभ्यासात लक्ष नाही’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. ‘फळ्यावरच्या सहा ओळींपैकी दोनच उतरवल्या, त्याही शेवटचे शब्द सोडून’ याचा होतो.

मराठीत अडणाऱ्या मुलाच्या चुका एका ठरावीक वळणाच्या असतात. ‘किती’चं ‘कती’ होतं, कारण वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. ‘प्रकाश’मधला रकार गळून ‘पकाश’ उरतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होते. जोडाक्षर आलं की मूल थांबतं किंवा अंदाजाने भलताच शब्द म्हणतं. तोच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. दुसरीपर्यंत यातलं बरंचसं कुठल्याही मुलात दिसतं, तेव्हा लगेच घाबरू नका. तिसरी-चौथीतही तेच आणि तेवढंच चालू असेल, आणि तोंडी विचारल्यावर तेच मूल फटाफट बरोबर उत्तरं देत असेल, तर मात्र ही नोंद महत्त्वाची.

गणितात बघायची गोष्ट म्हणजे ‘बावन्न’ ऐकून २५ लिहिणं. मराठीत एकक आधी उच्चारतो आणि लिहितो नंतर, त्यामुळे मुलाला प्रत्येक संख्या डोक्यात उलटी करावी लागते. २०१९ साली दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आली तेव्हा राज्यभर टिंगल झाली. माझं मत विचाराल तर संख्यांशी झगडणाऱ्या मुलासाठी ती पद्धत फार कामाची आहे. घरी बिनधास्त वापरा, ‘पन्नास दोन म्हणजे बावन्न’ असं दोन्ही म्हणून.

नोंद करताना काही गोष्टी वेगळ्या काढा. मुलाचं माध्यम नुकतंच बदललं असेल, घरी वेगळी भाषा बोलत असतील, किंवा ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेल्याने वर्षातले काही महिने शाळाच बुडत असेल, तर आधी तो खड्डा भरायला हवा. ती शिकण्यातली अक्षमता नव्हे.

डोळे आणि कान

ही पायरी लोक ओलांडून पुढे जातात आणि मग सहा महिन्यांनी मानसशास्त्रज्ञ त्यांना परत इथेच पाठवतात. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी झाल्याशिवाय पुढची कुठलीही चाचणी धड होत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांमध्ये वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांमध्ये दोनदा येतात. २०१३ साली या कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली होती. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात बसतात. पथक या वर्षी येऊन गेलं का, तुमच्या मुलाचं कार्ड भरलं का, हे शाळेत विचारा. पथकाला शंका आली तर ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे ज्याला सगळे ‘डीईआयसी’ म्हणतात तिथे, पाठवतात. वाचा-उपचार, फिजिओथेरपी, मानसशास्त्रज्ञ असे तज्ज्ञ एकाच ठिकाणी असावेत म्हणून ही केंद्रं काढली आहेत. लहान मुलासाठी हा सगळ्यात स्वस्त आणि अनेकदा सगळ्यात जवळचा दरवाजा.

वर्गशिक्षकांशी बोलणं

मधल्या सुट्टीत, फाटकाशी, मूल हात धरून उभं असताना हे बोलणं करू नका. बाईंना किंवा सरांना आधी विचारून वीस मिनिटांची वेळ घ्या आणि वह्या बरोबर न्या. सुरुवात ‘तुम्ही लक्ष देत नाही’ अशी झाली की पुढची वीस मिनिटं त्याचा खुलासा ऐकण्यात जातात. त्यापेक्षा विचारा: वर्गात तो कधी अडतो? कधी खुलतो? तोंडी विचारलं तर सांगतो का? फळ्यावरून उतरवायला किती वेळ घेतो? कुणाशेजारी बसला की बरं चालतं?

वर्गात चाळीस-पन्नास मुलं आणि डोक्यावर ऑनलाइन माहिती भरण्याची कामं, ही शिक्षकांची परिस्थिती खरी आहे. म्हणून पहिल्या भेटीत त्यांना झेपतील अशा दोनच गोष्टी मागा.

शाळेकडे चाळणीची, म्हणजे अडणारी मुलं प्राथमिक तपासणीत हेरण्याची, साधनंही आहेत, हेही नम्रपणे सांगा. एनसीईआरटीने २०२२ साली ‘प्रशस्त’ नावाची तपासणी-सूची आणि ॲप काढलं. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकांनी भरायचा आणि दुसरा विशेष शिक्षकांनी. अध्ययन अक्षमतेच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी चाळणी करावी आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती असावी, असं म्हटलं आहे. अनेक शाळांत ही समिती कागदावरसुद्धा नसते. तुमच्या अर्जामुळे ती निदान कागदावर येते.

अर्ज आणि आवक क्रमांक

बोलणं झाल्यावर आठवड्याभरात मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, बोलणं कितीही गोड झालेलं असलं तरी. शिक्षक बदलून जातात, मुख्याध्यापक निवृत्त होतात, कागद राहतो. अर्ज साधा असावा:

*प्रति,*
*मा. मुख्याध्यापक, (शाळेचं नाव व पत्ता)*

*विषय : पाल्यास वर्गात शैक्षणिक साहाय्य मिळणेबाबत*

*महोदय/महोदया,*

*माझा मुलगा (नाव) आपल्या शाळेत इयत्ता ४ थी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. त्यास वाचन व लेखनात सातत्याने अडचण येत असून वर्गशिक्षकांशी दि. … रोजी चर्चा झाली आहे. वहीतील नमुना पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दृष्टी व श्रवण तपासणी झाली असून अहवाल जोडला आहे.*

*दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ नुसार पुढील गोष्टी व्हाव्यात ही विनंती :*
*१) शाळास्तरावर पाल्याची प्राथमिक चाळणी व्हावी.*
*२) गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांची भेट व्हावी.*
*३) पाल्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करून त्याची प्रत मिळावी.*
*४) पुढील मूल्यमापनासाठी शाळेचे शिफारसपत्र मिळावे.*

*आपला/आपली विश्वासू, (सही, नाव, मोबाईल, दिनांक)*

दोन प्रती काढा. एक शाळेत द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. लिपिक ‘ठेवा इथे, सर आल्यावर बघतील’ म्हणाले तर थांबा, पण पोच घेतल्याशिवाय निघू नका. शाळा पोच देतच नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा.

अर्जातला दुसरा मुद्दा थोडा उलगडून सांगतो. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षण नावाचा विभाग आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात त्याचे विशेष शिक्षक असतात, आणि जिल्ह्याला समन्वयक. महानगरपालिका क्षेत्रात हीच माणसं शहर साधन केंद्रात सापडतात. एकेका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात, त्यामुळे ते रोज येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिकला अशा दर १० मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं, पण प्रत्यक्षातली शाळा त्यापासून लांब आहे. म्हणून विशेष शिक्षकांकडून आठवड्याचा तास मागण्यापेक्षा वर्गशिक्षकांनी आणि तुम्ही रोज काय करायचं ते ठरवून घेणं जास्त पदरात पडतं.

याच वेळी शाळेने यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहिती-नोंदीत, तुमच्या मुलाची नोंद ‘विशेष गरजा असलेलं बालक’ म्हणून केली आहे का तेही विचारा. साहित्य, भत्ते, शिबिरं यांची यादी त्याच माहितीवरून निघते. नोंद नसेल तर मूल यादीत नाही, आणि मार्चमध्ये ‘तुमचं नावच नव्हतं’ हे ऐकावं लागतं.

आराखड्यात काय असावं

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणजे जाडजूड फाईल नव्हे. एका पानात मावला तर तो भिंतीवर चिकटतो आणि वापरला जातो. तीन महिन्यांचा करा, त्यात तीनच उद्दिष्टं ठेवा, आणि प्रत्येकापुढे आज काय येतं, दिवाळीपर्यंत काय यायला हवं, कोण करणार, कसं मोजणार हे लिहा.

चौथीतल्या एखाद्या मुलासाठी असं पान कसं दिसेल? ‘वाचन सुधारणे’ असं लिहू नका. लिहा: ‘आज : जोडाक्षरं नसलेला दुसरीचा उतारा मिनिटाला वीस शब्दांच्या आसपास वाचतो. दिवाळीपर्यंत : त्याच पातळीचा नवा उतारा तीस-पस्तीस शब्द, चुका पाचाच्या आत. कोण : आई रोज दहा मिनिटं, वर्गशिक्षक आठवड्यातून दोनदा. मोजणी : दर शनिवारी एक मिनिट, वहीत आकडा.’ दुसरं उद्दिष्ट रकार असलेल्या जोडाक्षरांचं, एका वेळी एकच गट : प्र, क्र, ग्र, त्र. सगळी जोडाक्षरं एकदम घेतली की मूल पुन्हा अंदाजाने वाचायला लागतं. तिसरं उद्दिष्ट अभ्यासाचं नसलं तरी चालेल, ‘मदत हवी असेल तेव्हा हात वर करतो’ असं. माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण सातत्याने चुकणारं मूल पहिल्यांदा विचारणं बंद करतं.

याशिवाय वर्गात लगेच करता येणाऱ्या गोष्टी वेगळ्या लिहून घ्या. पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. फळ्यावरचं सगळं उतरवायला लावण्याऐवजी शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो किंवा छापील प्रत द्यावी. प्रश्न शिक्षकांनी एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. दहा गणितांऐवजी पाच द्यावीत, पण ती पूर्ण व्हावीत. इतिहास-भूगोलाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. आणि आगाऊ न सांगता वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नये. ही शेवटची गोष्ट आवर्जून मागा. त्या दोन मिनिटांत वर्गभर जे हसू होतं त्याने मूल शाळेला जायलाच नको म्हणतं, आणि मग पोटदुखी सुरू होते.

अतिचंचल मुलाला खडू आणायला, वह्या वाटायला पाठवणं म्हणजे त्याला हक्काने उठायची संधी देणं. स्वमग्न मुलाला दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लागतं आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीसारखा बदल आदल्या दिवशी सांगावा लागतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाकडे तोंड करून बोलायला हवं, फळ्याकडे तोंड करून नव्हे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी वर्ग तळमजल्यावर हवा. आणि स्वच्छतागृह. याबद्दल पालक संकोचतात, पण ते वापरण्याजोगं नसेल तर मूल दिवसभर पाणी पीत नाही. हे अर्जात स्पष्ट लिहा.

घरी काय? शिकवणी बदलू नका, वाढवू तर मुळीच नका. शाळा, मग क्लास, मग घरचा अभ्यास या तिन्ही ठिकाणी तेच न समजणारं पान समोर येत असेल तर थकवा तिप्पट होतो. त्याऐवजी रोज दहा-पंधरा मिनिटं, मुलाला जमेल त्या पातळीचं वाचन, तुम्ही एक ओळ आणि त्याने एक ओळ. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. दुसरीचं पुस्तक चौथीतल्या मुलासमोर उघडताना त्याला लाज वाटेल, म्हणून हवा तो उतारा वेगळ्या कागदावर मोठ्या टाइपात छापून घ्या. विज्ञान-इतिहासाचे धडे वाचून दाखवा किंवा मोबाइलवर तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा. वाचता येत नाही म्हणून त्या विषयातलं ज्ञानही मागे पडायला नको.

मूल्यमापन आणि दाखला

हे काम आराखड्याच्या बरोबरीने चालू ठेवा. अध्ययन अक्षमतेसाठी साधारण आठ वर्षांनंतर मूल्यमापन होतं. बालरोगतज्ज्ञ आधी तपासतात, मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक चाचणी घेतात, त्यानंतर वाचन, लेखन, गणित यांच्या खास चाचण्या होतात. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बनवलेला चाचणी-संच सरकारी तत्त्वांत नमूद आहे. दोन-तीन भेटी लागतात आणि सरकारी रुग्णालयात दोन भेटींमध्ये बरंच अंतर पडतं.

मुंबईत सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर आणि केईएम ही या कामासाठी ओळखली जाणारी पालिकेची रुग्णालयं. पुण्यात ससून. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करा. तिथे मानसशास्त्रज्ञ नसेल तर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवतात. खाजगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल लवकर मिळतो, त्याला काही हजार रुपये लागतात आणि आराखडा बनवायला तो उत्तम असतो. पण परीक्षा मंडळाकडे सवलत मागताना अधिकृत शासकीय दाखलाच लागतो. पैसे भरण्याआधी हे ठाऊक असू द्या.

जाताना न्यायची थैली अशी: मुलाचं व पालकांचं आधार, रहिवासाचा पुरावा, जन्मदाखला, फोटो, शाळेचं शिफारसपत्र लेटरहेडवर, गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, भाषा आणि गणिताच्या वह्या, डोळ्या-कानांचे अहवाल. वह्या नवीन, कव्हर घातलेल्या नकोत. लाल शेऱ्यांनी भरलेल्या हव्यात.

तिथे गेल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगा: मूल कोणत्या माध्यमात शिकतं आणि घरी काय बोलतं. मराठी माध्यमातल्या मुलाची चाचणी इंग्रजीत झाली तर निकालाला अर्थ नाही. आणि मुलाला आदल्या दिवशी ‘परीक्षा आहे’ असं सांगून घोटवून नेऊ नका. उपाशी, झोप न झालेलं, चार तास रांगेत बसलेलं मूल चाचणीत आणखी मागे पडतं. डबा, पाणी आणि शक्य असेल तर सोबत दुसरं माणूस, म्हणजे एक जण रांगेत आणि एक जण मुलाबरोबर.

निकाल तीन तऱ्हेने येऊ शकतो. अध्ययन अक्षमता निघाली तर दाखल्याची प्रक्रिया पुढे जाते. २०१८ च्या तत्त्वांनुसार १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते आणि १८ व्या वर्षीचा दाखला कायमचा राहतो. बौद्धिक अक्षमता निघाली तर दाखला वेगळ्या प्रवर्गात मिळतो. तिसरी तऱ्हा सगळ्यात अडचणीची. बुद्ध्यंक सीमारेषेवर येतो, ज्याला शाळेत ‘स्लो लर्नर’ म्हणतात, आणि मूल दोन्हीकडे बसत नाही. दाखला नाही, परीक्षेतल्या सवलती नाहीत. अशा मुलासाठी वर उभा केलेला वर्गातला आराखडा हीच काय ती मदत. दाखल्यावर सगळं टांगून ठेवू नका म्हणतो ते याचमुळे.

दाखला आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, यांचा अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर होतो. घरून मोबाइलवर भरता येतो, नाहीतर सेतू केंद्रात भरून देतात. नावाचं स्पेलिंग आधार, शाळेचा रजिस्टर आणि कार्ड या तिन्ही ठिकाणी एकच आहे ना, हे फॉर्म सबमिट करण्यापूर्वी दोनदा बघा. दहावीच्या हॉल तिकिटाच्या वेळी ह्याच एका अक्षरावरून पळापळ होते.

दाखल्यावरचा टक्का नीट वाचा. कायद्यात ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ धरतात आणि बरेचसे हक्क तिथून सुरू होतात: कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, तेही जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत; कलम १७ प्रमाणे १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत; कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के प्रवेशातही दिव्यांग बालक ‘वंचित गटा’त येतं, त्यामुळे आर्थिक दुर्बल घटकासाठीची उत्पन्नाची अट त्याला लागत नाही.

पैसे आणि साधनं, थोडक्यात

समग्र शिक्षेत अशा मुलांसाठी दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. ती रोख हातात येत नाही. मोजमाप शिबिरं, साधनं, मोठ्या अक्षरातली आणि ब्रेल पुस्तकं, प्रवास आणि मदतनीस भत्ता अशा रूपात येते. मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता वेगळा. बँक खातं आधारशी जोडलेलं असू द्या. श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कॅलिपर यांसाठी अलिम्को या साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची मोजमाप शिबिरं तालुक्याला होतात, तारीख गटसाधन केंद्रातून कळते. खूप तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी येऊन शिकवण्याची सोय कायद्यातच आहे, मात्र ती मागायची पालकांनी. शाळेने सोयीसाठी ‘घरीच ठेवा’ म्हणणं वेगळं.

दहावीच्या सवलती : घेण्याआधी विचार

राज्य मंडळाच्या सवलती प्रवर्गानुसार वेगवेगळ्या आहेत: दर तासाला २० मिनिटं वाढीव वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, भाषा विषयातली सूट, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित, इत्यादी. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. पालकांनी थेट मंडळात जाऊन उपयोग नाही. परीक्षेचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरतात, तेव्हा दाखला आठवीच्या शेवटी किंवा नववीच्या सुरुवातीला हातात असलेला बरा. मंडळाचं त्या वर्षाचं परिपत्रक शाळेकडून मागून घ्या आणि आपला प्रवर्ग त्यात कोणत्या सवलतींपुढे आहे ते स्वतः वाचा. सीबीएसईचे नियम वेगळे, तिथली यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते.

वाढीव वेळ सगळ्यांनी घ्यावा, त्यात तोटा काहीच नाही. गणिताची सूट मात्र सही करण्याआधी घरात बसून ठरवा. खालचं अंकगणित घेतलं की अकरावी विज्ञान, पॉलिटेक्निक असे गणित लागणारे रस्ते जवळजवळ बंद होतात. चित्रकला, हॉटेल, वाणिज्य किंवा कला शाखेकडे ओढा असलेल्या आणि गणिताने रडकुंडीला आलेल्या मुलासाठी ती सूट म्हणजे सुटका आहे. यंत्रं उघडून बसणाऱ्या मुलासाठी नाही. निर्णय मुलाला विचारून घ्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे कळतं.

लेखनिक घ्यायचा ठरला तर तो खालच्या इयत्तेतला लागतो आणि मंडळाची मंजुरी लागते. लेखनिकाला सांगून लिहवणं हे वेगळं कौशल्य आहे. प्रश्न ऐकायचा, उत्तर डोक्यात मांडायचं, वाक्य संपेपर्यंत थांबायचं, ‘इथे परिच्छेद’ असं सांगायचं. पहिल्या घटक चाचणीपासून सराव हवा, निदान पूर्वपरीक्षेत तरी. एक राखीव लेखनिकही ठरवून ठेवा. मार्चमध्ये मुलं आजारी पडतात.

नेहमीची शाळा झेपतच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ हे दोन पर्याय आहेत. विषय निवडण्याची मोकळीक मिळते. पण शाळा ‘तुम्ही मुक्त विद्यालय बघा’ असं सातवीत सुचवू लागली, तर ती मुलाची सोय बघते आहे की स्वतःचा शंभर टक्के निकाल, हे ओळखा.

शाळा नाही म्हणाली तर

आरटीई कायद्यानुसार आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही आणि शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येत नाही. ‘शॅडो टीचरचा (वर्गात मुलाशेजारी बसणाऱ्या मदतनीस शिक्षकाचा) पगार तुम्ही द्या, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा’ असं तोंडी सांगितलं गेलं, तर एकच उत्तर द्या: ‘हे मला लेखी द्या.’ बहुतेक वेळा विषय तिथेच मऊ होतो.

नाही झाला तर चढण अशी आहे. आधी शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात बहुसंख्य सदस्य पालकच असतात. मग केंद्रप्रमुख, त्यानंतर गटशिक्षणाधिकारी. माध्यमिक शाळेसाठी जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक, आणि त्यावर विभागीय शिक्षण उपसंचालक. प्रत्येक पायरीवर आधीच्या अर्जाची पोच जोडा. पंधरा दिवस थांबा, स्मरणपत्र द्या, मग वर जा. पायरी गाळून थेट मंत्रालयात पाठवलेला अर्ज फिरून पुन्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्याच टेबलावर येतो.

शिक्षण खात्याने दाद दिली नाही तर पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या तक्रारी ऐकण्याचे अधिकार कायद्याने राज्य आयुक्तांना दिले आहेत. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त असाव्यात: या दिवशी अर्ज दिला, हा आवक क्रमांक, या दिवशी हे उत्तर, ही मागणी. माहितीच्या अधिकारात ‘आमच्या शाळेच्या यूडायस माहितीत विशेष गरजा असलेली किती बालकं नोंदली आहेत आणि विशेष शिक्षकांनी या वर्षी किती भेटी दिल्या’ एवढं विचारलं तरी पुष्कळदा भेटी सुरू होतात.

एकट्याने भांडू नका. त्याच शाळेत आणखी दोन-तीन घरं याच अडचणीतून जात असतात, पालकसभेत शोधा. तिघांच्या सह्यांचा अर्ज वेगळ्या वेगाने हलतो.

सगळे कागद एका फाईलमध्ये तारखेच्या क्रमाने लावा, स्कॅन करून मोबाइलमध्ये आणि ईमेलवर ठेवा. मूळ दाखला शाळेला कधीही देऊ नका, फक्त दाखवा आणि साक्षांकित प्रत द्या. शाळा बदलली, पाचवीतून सहावीत गेलं, वर्गशिक्षक नवे आले, की शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात आराखड्याची प्रत घेऊन पुन्हा वेळ मागा. अकरावीच्या प्रवेशाला हीच फाईल लागते आणि १८ वर्षं पूर्ण होत आली की फेरतपासणीची तारीख दोन-तीन महिने आधीच घेऊन ठेवा, कारण बारावीची परीक्षा, प्रवेश परीक्षा आणि दाखल्याची मुदत हे तिन्ही त्याच सुमाराला येतं.